नकाशावर आमची वस्ती कुठे आहे?

जुलै २०१६ हा महिना आमचे वाचक विसरलेले नसतील. ११ जुलैला गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून, गाडीला बांधून काठ्यांनी झोडपण्यात आले. मारणाऱ्यांनीच मोबाईलवर त्याचे चित्रण केले आणि मोठी मर्दुमकी गाजवल्याच्या थाटात ते पसरवले. त्याच्या पाचच दिवस आधी, ६ जुलैला, अमेरिकेत मोबाईलवरचा एक खेळ बाजारात आला होता. त्याचे नाव ‘पोकेमॉन गो’. आणि नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेच्या लुइझियाना आणि मिनेसोटा या दोन राज्यांत दोन कृष्णवर्णीय पुरुष पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या दोन्ही हत्यांची चित्रणेसुद्धा मोबाईलवरच झाली होती.

एकीकडे उना, दुसरीकडे अमेरिकेतील रस्त्यावरच्या हत्या आणि मध्येच हा पोरखेळ कुठून आला, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न आमच्याआधी एका अमेरिकन कृष्णवर्णीय तरुणाने स्वतःला विचारला. त्याने तो खेळ मोठ्या हौसेने फोनवर घेतला, घराबाहेर पडला आणि थोड्याच वेळात परत फिरला. काळ्या माणसाने हातात काहीतरी धरून, त्याकडेच डोळे लावून, परक्या मोहल्ल्यात पुढे-मागे घुटमळायचे, वळणावर थांबायचे, कोणाच्या तरी घरासमोर उभे राहायचे! गोऱ्या शेजाऱ्याने पोलिसांना फोन करायला आणखी काय हवे? हा खेळ माझा जीव घेऊ शकतो, असे त्याने लिहिले आणि तो लेख जगभर वाचला गेला. जे गोऱ्या मुलांसाठी ‘बाहेर पडा, मोकळ्या हवेत फिरा’ होते, तेच त्याच्यासाठी मरणाचे आमंत्रण होते. खेळ एकच, रस्ता एकच. चालणाऱ्याची कातडी मात्र वेगळी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीचे मोबाईल गेम घरात बसून खेळता येतात. या खेळात खेळणाऱ्याला उठून चालावे लागते. तुम्ही कुठे आहात हे फोन उपग्रहाच्या मदतीने ओळखतो आणि पडद्यावर तुमच्याच परिसराचा नकाशा उघडतो. कॅमेरा चालू केला की समोरच्या खऱ्या रस्त्यावर, खऱ्या झाडाखाली खोटे प्राणी उभे असल्याचे दिसते. ते पकडायचे. पकडायला लागणारे साहित्य ठराविक ठिकाणी गेल्यावर मिळते. त्या ठिकाणांना ‘पोकेस्टॉप’ म्हणतात. लढती खेळायच्या ठिकाणांना ‘जिम’. पुतळा, कारंजे, देऊळ, वाचनालय, भिंतीवरचे चित्र, अशा खऱ्या जागीच ही ठिकाणे असतात. ज्याच्या घराजवळ अशी ठिकाणे भरपूर, त्याचा खेळ जोरात. ज्याच्या वस्तीत एकही नाही, त्याने पायपीट करीत दुसऱ्याच्या मोहल्ल्यात जायचे.

आता आमचा पहिला सवाल असा की, ही ठिकाणे ठरवली कोणी?

हा खेळ बनवणाऱ्या नायंटिक कंपनीचा जन्म २०१० साली गूगलच्या पोटात झाला. तिचे संस्थापक जॉन हँके हे नकाशांच्या धंद्यातले जुने खेळाडू. त्यांच्या आधीच्या ‘कीहोल’ या कंपनीत अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तहेर संस्थेच्या गुंतवणूक शाखेचा पैसा होता. २००४ साली गूगलने ती विकत घेतली आणि तिच्यातूनच ‘गूगल अर्थ’ उभे राहिले. नायंटिकने २०१२ मध्ये ‘इनग्रेस’ नावाचा असाच एक खेळ आणला. त्यातली ठिकाणे काही ऐतिहासिक स्थळांच्या याद्यांवरून घेतली होती आणि बाकीची खेळाडूंनी सुचवलेली होती. हँके यांनीच सांगितल्याप्रमाणे खेळाडूंकडून सुमारे दीड कोटी सूचना आल्या आणि त्यांतल्या पन्नास लाखांच्या आसपास मान्य झाल्या. पुढे हीच ठिकाणे पोकेमॉन गोमध्ये घेण्यात आली.

म्हणजे हा नकाशा यंत्राने काढला नाही, माणसांनी काढला. आणि इनग्रेस खेळणारी माणसे कोण होती? महागडा फोन, इंटरनेट आणि रिकामा वेळ असलेली मंडळी. त्यांनी आपल्या घराजवळचे, आपल्या कॉलेजजवळचे, आपल्या बागेतले जे जे दिसले ते सुचवले. जिथे ती कधी गेलीच नाहीत, तिथले काय सुचवणार?

परिणाम जो व्हायचा तो झाला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ‘अर्बन इन्स्टिट्यूट’ या संस्थेच्या अभ्यासकांनी राजधानी वॉशिंग्टनचा हिशेब मांडला. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत सरासरी ५५ ठिकाणे. काळ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत सरासरी १९. काळ्या वस्त्यांत चर्चे नाहीत का? भित्तिचित्रे नाहीत का? इतिहास नाही का? सर्व काही आहे. बघणारा डोळा तिथे पोहोचला नाही, एवढेच. १९३० च्या दशकात याच अमेरिकेत सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्यांभोवती लाल रेघा मारल्या जात आणि रेघेच्या आत घरासाठी कर्ज मिळत नसे. त्या लाल रेघा कायद्याने पुसल्या गेल्या. पण कोणाची वस्ती बघण्यासारखी आणि कोणाची टाळण्यासारखी, ही मनातली रेघ पुसली गेली नाही. ऐंशी वर्षांनी तीच रेघ मुलांच्या खेळात उतरली. कोणी मुद्दाम मारली नाही म्हणून ती रेघ नाही, असे म्हणता येत नाही.

आम्हाला यात नवल वाटले नाही. गावकुस म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला नकाशाचे राजकारण वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्या पूर्वजांची वस्ती कोणत्या दिशेला असावी, पाणवठा कुठला, वाट कुठली, हे सगळे गावच्या नकाशातच ठरलेले होते. वस्तीची नावेसुद्धा जातीवरून. ती जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तब्बल त्र्याहत्तर वर्षांनी! आमची वस्ती नकाशावर एक तर नसते, असली तर शिवी म्हणून असते.

हा खेळ भारतात अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये. परंतु त्याआधीच आमच्याकडच्या पोरांनी आडमार्गाने तो मिळवून खेळायला सुरुवात केली होती आणि त्याच सप्टेंबरमध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिकाही दाखल झाली होती. तक्रार काय होती? खेळात बक्षीस म्हणून अंडी मिळतात, ती देवळांच्या जागी मिळतात आणि त्यामुळे हिंदू व जैनांच्या धार्मिक भावना दुखावतात! न्यायालयाने त्यावर नोटिसाही काढल्या. वाचकहो, जरा विचार करा. ज्या राज्यात दोन महिन्यांपूर्वी माणसांची कातडी सोलून काढल्यासारखी मारहाण झाली, त्या राज्यात पडद्यावरच्या, न दिसणाऱ्या, न फुटणाऱ्या, कोणाच्याही पोटात न जाणाऱ्या अंड्याने भावना दुखावल्या. खऱ्या अंड्याचे काय? मध्य प्रदेशात २०१५ साली अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांना अंडी देण्याचा प्रस्ताव सरकारने फेटाळला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवण्यात आला. खोट्या अंड्यासाठी कोर्टाची पायरी चढणारे बरेच, खऱ्या अंड्यासाठी चढणारे कोण?

त्या याचिकेतून आणखी एक गोष्ट नकळत उघड झाली. आमच्या देशात या खेळाचा नकाशा कशाने भरला आहे? देवळांनी! आमच्या कार्यालयात येणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या मुलाने आम्हाला त्याचा फोन दाखवला. त्याच्या घराभोवतीचा सगळा भाग पडद्यावर कोरा. जवळात जवळ दोन ठिकाणे: एक मुख्य रस्त्यावरचे देऊळ, दुसरे रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या बागेतले कारंजे. वस्तीतले बुद्धविहार, लोकांनी वर्गणी काढून उभारलेला बाबासाहेबांचा अर्धपुतळा, पोरे रात्री जिथे अभ्यास करतात ती अभ्यासिका, यांतले काहीही नाही. एका फोनवरून सबंध महाराष्ट्राचा निष्कर्ष आम्ही काढत नाही. वाचकांनी आपापल्या वस्तीत हा नकाशा उघडून पाहावा आणि स्वतःच ठरवावे.

ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला मात्र वाट पाहावी लागत नाही. जपानमध्ये जुलै २०१६ मध्ये मॅकडोनाल्डच्या जवळजवळ तीन हजार दुकानांना या खेळात जागा मिळाली. भारतात हा खेळ जिओच्या भागीदारीत आला आणि रिलायन्स डिजिटलची हजारो दुकाने एका दिवसात पोकेस्टॉप आणि जिम बनली. दुकानात गिऱ्हाईक चालत यावे, एवढ्यासाठी ही सोय. शंभर वर्षांच्या चाळीला जे मिळाले नाही, ते काल उघडलेल्या दुकानाला करारावर सही होताच मिळाले.

दुसरा सवाल चालण्याचा. नकाशावर जागा आली म्हणजे तिथे जाता येते असे नाही. हे आमच्याइतके कोणाला माहीत आहे? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्यापर्यंत पाय नेण्याची कोणाची हिंमत होती? त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जावे लागले, परतताना लोकांना मार खावा लागला आणि मग दहा वर्षे कोर्टात लढावे लागले. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. कागदावरचा हक्क आणि पायाखालचा रस्ता यांत एवढे अंतर असते.

ते अंतर आज मिटले आहे, असे कोणी आम्हाला सांगू नये. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्या पोराला ठार मारण्यात आले. ज्या देशात खिशातल्या फोनचा आवाज जात सांगतो आणि जीव घेतो, तिथे फोन हातात धरून कोणाच्याही आळीत, कोणाच्याही देवळासमोर रात्री-बेरात्री घुटमळण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे आहे काय? मुलींचे तर बोलायलाच नको. खेळ सांगतो, जा, शोध. समाज विचारतो, तू कोण, इथे काय करतोस? अमेरिकेतल्या त्या तरुणाला जो प्रश्न पडला तोच आमच्या पोरापोरींना रोज पडतो. फक्त त्यावर कोणी जगभर वाचला जाणारा लेख लिहीत नाही.

तिसरा सवाल श्रमाचा. या खेळाला ठिकाणे पुरवली ती खेळाडूंनी, फुकट. आजही वरच्या पातळीवर पोहोचलेले खेळाडू नवी ठिकाणे सुचवतात आणि इतर खेळाडू ती तपासतात, फुकट. पुढे कंपनीने खेळाडूंना त्या ठिकाणांभोवती फिरून कॅमेऱ्याने चित्रण करून पाठवायला सांगितले. सक्ती नव्हती, पण बक्षीस होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नायंटिकने जाहीर केले की, अशा चित्रणांतून जगभरातील सुमारे एक कोटी जागांची माहिती जमली असून तिच्या आधारे यंत्राला खरे जग ‘समजावून’ देणारी प्रणाली उभी केली जात आहे. यंत्रमानव, वाहने, डोळ्यांवरचे चष्मे, अशा कित्येक गोष्टींना तिचा उपयोग. मग २०२५ मध्ये कंपनीने आपला खेळांचा धंदा स्कोपली या कंपनीला साडेतीन अब्ज डॉलरला विकला. स्कोपलीची मालकी सौदी अरेबियाच्या सरकारी पैशावर उभ्या असलेल्या कंपनीकडे आहे. नकाशाचे काम मात्र वेगळ्या कंपनीच्या नावाने हँके यांनी स्वतःकडेच ठेवले. खेळ विकला, नकाशा ठेवला. यावरून खरा माल कोणता होता ते ओळखा.

पोरांना वाटले आपण खेळतो आहोत. प्रत्यक्षात ती मोजणीदाराचे काम करीत होती, बिनपगारी. वेठबिगार काय असते हे आमच्या समाजाला सांगायला नको. महारकी वतनाच्या नावाखाली आमच्या बापजाद्यांकडून गावाची सगळी राबणूक करून घेतली गेली आणि तेव्हाही तिला मानपानाचे नाव होते. आज बक्षिसाचे नाव आहे. आम्ही दोन्ही एकच आहेत असे म्हणत नाही. खेळणारा हवे तेव्हा फोन खिशात ठेवू शकतो, आमच्या आजोबांना ती मुभा नव्हती. परंतु काम कोणाचे आणि मालकी कोणाची, हा सवाल दोन्हीकडे तोच आहे.

मग काय करावे? आमच्यातले काही वडीलधारे म्हणतील, हे सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग. आपल्या पोरांनी अभ्यास करावा, नोकरी पाहावी. अभ्यासाबद्दल दुमत नाही. पण पोरे खेळणारच, आणि तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवून आजवर कोणत्या समाजाचे भले झाले? आजचा नकाशा केवळ खेळाचा राहिलेला नाही. जेवण पोहोचवणारा त्याच्यावर चालतो, रुग्णवाहिका त्याच्यावर येते, उद्याची यंत्रे त्याच्यावरच चालणार. त्यात आपली गल्ली नसेल तर आपण नसू. म्हणून आमचे म्हणणे असे की, नकाशा काढणे हे चळवळीचे काम आहे.

आफ्रिकेतील नैरोबी शहरात किबेरा नावाची प्रचंड झोपडपट्टी आहे. लाखो माणसांची ती वस्ती नकाशांवर कोरी होती. २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी हातात यंत्रे घेऊन गल्ली न् गल्ली पालथी घातली आणि शाळा, दवाखाने, नळ, संडास सगळे ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर नोंदवले. हा नकाशा कोणा कंपनीच्या मालकीचा नाही. कोणीही त्यात भर घालू शकतो, कोणीही तो वापरू शकतो. आणि गंमत अशी की, डिसेंबर २०१७ मध्ये पोकेमॉन गोनेसुद्धा आपला पायाभूत नकाशा गूगलकडून काढून याच ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतला. म्हणजे कंपनीच्या दारात अर्ज करण्याआधी आपली गल्ली, आपले विहार, आपली अभ्यासिका या सार्वजनिक नकाशावर आपणच घालू शकतो. त्याला पैसा लागत नाही. लागतात चार पोरे-पोरी, फोन आणि दोन रविवार. ज्या परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी वीसहून अधिक वर्षे काढली तिच्यापासून ते तालुक्याच्या गावातल्या साध्या वसतिगृहापर्यंत आपल्या इतिहासाच्या कितीतरी खुणा आहेत. त्या नोंदवायला परका कोणी येणार नाही.

परंतु एक तारतम्य राखावे लागेल. नकाशावर असणे वेगळे आणि खेळाचे मैदान होणे वेगळे. २०१५ मध्ये इनग्रेस खेळात नाझींच्या छळछावण्यांतली ठिकाणे असल्याचे जर्मनीत उघड झाले, तेव्हा हँके यांना माफी मागून ती काढावी लागली. २०१६ मध्ये हिरोशिमाने सांगितले की ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी आमच्या शांतता उद्यानातून ही ठिकाणे हटवा. ती हटवली गेली. ऑशविट्झने सांगितले, वॉशिंग्टनच्या ज्यूसंहार संग्रहालयाने सांगितले. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनीच आपल्या स्मृतीची मर्यादा ठरवली आणि जगाने ती मानली. चैत्यभूमी, दीक्षाभूमी, चवदार तळे यांबाबतही काय शोभते आणि काय नाही हे आपणच ठरवायचे आहे. कंपनीने नाही, आणि भावना दुखावण्याचा धंदा करणाऱ्यांनीही नाही. आमचे मत विचाराल तर वस्तीच्या वाचनालयासमोर चार पोरे खेळायला जमली तर बिघडत नाही. त्यातला एखादा आत शिरून पुस्तक हातात घेईल. पण ६ डिसेंबरला लाखो माणसे मूकपणे रांगेत उभी असतात त्या वाटेवर प्राणी पकडण्याचा खेळ नको. यावर वाद व्हावा, विहाराविहारांत चर्चा व्हावी. आणि हौसेपोटी वस्तीतल्या घरांचे, आयाबहिणींच्या दारांचे चित्रण करून कोणा कंपनीला पाठवू नये, एवढे तरी आपल्या पोरांना आजच सांगून ठेवावे.

कंपनी मोठी आहे, आपले कोण ऐकणार, असे म्हणून हात टेकणाऱ्यांसाठी एक ताजे उदाहरण. करोनाच्या काळात या खेळाने ठिकाणाला लांबून स्पर्श करण्याचे अंतर ४० मीटरवरून ८० मीटर केले होते. ते अपंग खेळाडूंना फार सोयीचे ठरले, कारण रस्ता ओलांडायची गरज उरली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने काही देशांत ते पुन्हा ४० वर आणले. खेळाडूंनी एकत्र पत्र लिहिले, बहिष्कार टाकला. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि ८० मीटर कायम केले. खेळणारी पोरे संघटित झाली तर कंपनी वाकते. मग शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे ज्यांना बाबासाहेबांनी शिकवले त्या समाजाने कोऱ्या नकाशाकडे बघून नुसते उसासे टाकायचे काय?

महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले, ते तहान लागली म्हणून नव्हे. सार्वजनिक जे आहे ते आमचेही आहे, हे चालत जाऊन सांगण्यासाठी. आजचे सार्वजनिक तळे पडद्यावरच्या नकाशात आहे. त्यात आपली वस्ती आपल्या हाताने लिहा, आपल्या नावाने लिहा. येत्या रविवारी विहारातली वंदना झाली की पोरांना फोन बाहेर काढायला सांगा आणि एकच प्रश्न विचारा: यात आपण कुठे आहोत?